हवेसाठी १.४

स्मरणिकेसाठी आठवण मागितली, तर मला फळ्यावरची एक ओळ आठवते : स्थिर दाबाची विशिष्ट उष्णता भागिले स्थिर आकारमानाची म्हणजे गॅमा, हवेसाठी १.४. न्यूटनने ध्वनीच्या वेगात तो धरला नाही आणि उत्तर सेकंदाला २८० मीटर आलं. लाप्लासने धरला, ३३२ झालं. परीक्षेला एवढं पुरायचं. वागळे इस्टेट किंवा ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यात मात्र पुरत नाही.

वायू झटकन दाबला की उष्णतेला बाहेर पडायला सवड नसते. तापमान किती चढेल ते गॅमा ठरवतो. ३० अंशांची हवा एकाच टप्प्यात दाब आठपट होईल इतकी दाबली तर हिशेबाने साधारण २७५ अंश, आरगॉन (१.६७) असेल तर चारशेच्या वर. कॉम्प्रेसरचं तेल करपतं, व्हॉल्व्हवर काजळी धरते. म्हणून दोन टप्पे आणि मध्ये हवा गार करणारा इंटरकूलर. प्रोपेनचा रेणू मोठा, बरीच ऊर्जा स्वतःच्या कंपनात मुरवतो. त्याचा गॅमा १.१३ च्या आसपास आणि तापमान जेमतेम ११० अंश.

खरी गंमत नोझलमध्ये, म्हणजे हवा वेगाने सोडणाऱ्या निमुळत्या तोंडात. पुढचा दाब मागच्या दाबाच्या ०.५२८ पट झाला की हवा घशात, म्हणजे सर्वांत अरुंद जागी, ध्वनीचा वेग गाठते. त्यानंतर पुढचा दाब कितीही उतरवा, प्रवाह वाढत नाही, कारण दाब घटल्याची वर्दी ध्वनीच्याच वेगाने मागे जाते आणि घशातच अडते. लोक उगाच व्हॉल्व्ह खोलून बसतात! अतितप्त वाफेसाठी हा आकडा ०.५४६, प्रोपेनसाठी ०.५८. दाब निरपेक्ष घ्यायचा, म्हणजे गेजच्या आकड्यात वातावरणाचा साधारण १ बार मिळवून : गेजवर ७ बार म्हणजे ८, त्याच्या ०.५२८ पट म्हणजे सीमा ४.२, गेजवर ३.२. निम्म्या चुका इथेच होतात.

सेफ्टी व्हॉल्व्हच्या हिशेबात प्रोपेनला सवयीने १.४ लावला, तर व्हॉल्व्ह सात-आठ टक्के लहान निघतो. गॅमा माहीतच नसेल तर १ धरावा. व्हॉल्व्ह थोडा मोठा येईल, येऊ दे. आणि १.४ हाही काही दगडावरचा आकडा नाही : हजार अंशांच्या हवेत तो १.३२ पर्यंत उतरतो.

तोच गॅमा उलटाही चालतो : दाबातली हवा झटकन पसरली की गार होते. ३० अंशांची हवा ध्वनीच्या वेगाला पोचेपर्यंत उणे २० अंशांवर येते. पावसाळ्यात, हवेतली ओल काढणारा ड्रायर नसलेल्या लाइनवर, दाबाच्या हवेवर चालणाऱ्या एअर मोटरच्या सायलेन्सरला बर्फ धरतो, तो असा.