मला कुठलाही चालेल

मंगळवार. बारा वाजून गेलेत.

विचारलं होतं अगदी साधं. प्लेस्टेशन ५ घेतेय, खोक्यात एकच कंट्रोलर येतो, जादा एक घ्यावा लागेल, तर तुला कसा हवा? दादा म्हणाला, "मला कुठलाही चालेल गं. चांगला असेल तो तू ठेव." आणि फोन वहिनीकडे दिला. वहिनी पडद्यांच्या कापडाबद्दल बराच वेळ बोलत होती. मी हं हं करत राहिले.

कुठलाही चालेल? दादाला?

कॅसेटवालं आमचं ते पहिलं खेळांचं यंत्र आठवतंय. निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमची कुणीतरी केलेली नक्कल, हे मला फार नंतर कळलं. मूळ यंत्रातही दोन्ही रिमोट वायरीने कायमचे जोडलेले होते, आणि दुसऱ्या रिमोटला स्टार्ट नव्हतं की सिलेक्ट नव्हतं. निदान त्या जपानी यंत्रात दुसऱ्याच्या वाट्याला एक छोटासा माइक तरी होता. आमच्याकडच्याला तोही नव्हता, तिथे नुसतं गुळगुळीत प्लॅस्टिक. म्हणजे खेळ कुठला लावायचा, कधी सुरू करायचा, कधी थांबवायचा, सगळं पहिल्याच्या अंगठ्याखाली. मला पाणी प्यायचं असलं तरी "दादा, थांबव ना" म्हणायचं. तो थांबवायचाही. फक्त त्याची उडी पूर्ण झाल्यावर.

पहिला रिमोट कुणाचा, यावर आमच्याकडे कधी चर्चाच झाली नाही. तो मोठा, म्हणून त्याचा. आणि आज तोच माणूस म्हणतो, कुठलाही.

बरं, मी काही त्याच्यासाठी घेत नाहीये हे. म्हणजे माझ्यासाठीच घेतेय. फ्लॅटचं सगळं आटपल्यावर एक तरी गोष्ट अशी घ्यायची होती, जिचा कुणाला उपयोग नाही. पण दुसरा कंट्रोलर निवडायला बसले आणि तिथेच अडकले. कन्सोल निवडायला इतका वेळ लागला नव्हता.

तीन पानं उघडी आहेत समोर. एक, खोक्यात येतो तोच ड्यूलसेन्स, रंग आपल्या मर्जीचा. दुसरा ड्यूलसेन्स एज, २०२३ च्या जानेवारीत आलेला. मागच्या बाजूला जादा बटणं, आणि अंगठ्याने फिरवायची स्टिक बिघडली तर तेवढाच भाग काढून नवा बसवता येतो. तिसरा कुठल्याशा दुसऱ्याच कंपनीचा, वायरचा, स्वस्त. या तिसऱ्या जातीत फार बघून घ्यावं लागतं. बरेचसे जुन्या प्लेस्टेशन ४च्या, म्हणजे पीएस४च्या खेळांपुरतेच असतात. नव्या खेळांना चालणारे परवानावाले मिळतात, पण त्यातल्याही अनेकांत ट्रिगरचा, म्हणजे तर्जनीने दाबायच्या बटणाचा, तो ताण नसतो. ड्यूलसेन्सचा ट्रिगर खेळाप्रमाणे घट्ट होतो, आत मोटर आणि दातेरी चाकं आहेत, ती बोटाला उलट रेटतात. धनुष्य ओढताना खरंच ओढल्यासारखं वाटतं. स्वस्तातल्यावर ती दोरी ओढल्याचा पत्ताच लागत नाही.

तर मी काय करत होते? दुपारपासून एज माझ्यासाठी आणि वायरचा 'बाकीच्यांसाठी' अशी जोडी टोपलीत टाकून बसले होते. बाकीचे म्हणजे कोण, तर दादा. अगदी हिशेबाने. कुणी विचारलं असतं तर सांगितलंही असतं, की पाहुणे वर्षातून एकदोनदा येणार, त्यांच्यासाठी कशाला महागाचा. आणि मग त्याने आपणहोऊन तेच मागितलं, तर मला इतकं का लागलं?

तो येणारच नाहीये का? न येणाऱ्या माणसाला कुठलाही चालतो.

की आता त्याला या सगळ्यात रसच उरला नाही? ते मला जास्त खुपेल.

की अंगठा? अंगठ्याचं ते झाल्यापासून तो बाटलीचं झाकणही चिकूकडून उघडून घेतो. वहिनी सांगत होती. तो स्वतः नाही सांगत. ट्रिगरचा ताण कन्सोलच्या सेटिंगमध्ये जाऊन कमी करता येतो, पूर्ण बंदही करता येतो, बघून ठेवलंय. तो येण्याआधी गुपचूप बंद करून ठेवावा का? पण त्याला कळलं तर? कळेलच, चिकू शेजारीच बसून ओरडेल की माझा कडक लागतो नि बाबांचा नाही. हात नीट चालत नसलेल्यांसाठी सोनीने २०२३ च्या डिसेंबरात अॅक्सेस नावाचा गोल, सपाट कंट्रोलरही काढलाय. तेही पान उघडलं. लगेच बंद केलं. एवढं काही झालेलं नाही त्याला.

फोन ठेवता ठेवता वहिनी म्हणाली, "अगं, ह्यांचा जुना आहे ना कपाटात. तोच घेऊन येतो म्हणतायत." जुना म्हणजे पीएस४चा ड्यूलशॉक ४. मी बरं म्हटलं. आता सांगायचं कसं? तो नव्या कन्सोलला जोडला जातो, नाही असं नाही, पण पीएस४चे खेळच त्यावर खेळता येतात. पीएस५चा खेळ लावला की त्याची दखलच घेत नाही. एक्सबॉक्सवाल्यांचं या बाबतीत बरं आहे, २०१३ सालच्या एक्सबॉक्स वनचे कंट्रोलर त्यांच्या नव्या सिरीज एक्स आणि एस कन्सोलला सरळ चालतात. आमच्या बाजूला हे असं. 'दादा, तुझा जुना आता जुन्याच खेळांना चालतो.' वाक्य खरं आहे. पण त्याला फोनवर ऐकवायचं धाडस नाही झालं. सध्या तरी.

मगाशी ड्रिफ्टबद्दल, म्हणजे हात न लावता स्टिक एकीकडे ओढते त्याबद्दल, वाचत बसले होते. दुसरं यंत्र आलं तेव्हा माझ्या वाट्याच्या रिमोटची स्टिक आपसूक डावीकडे ओढायची. गाड्यांच्या खेळात माझी गाडी डाव्या कठड्याला घासत घासतच शेवटपर्यंत जायची. दादा म्हणायचा, तुला सरळ रस्त्यावरसुद्धा चालवता येत नाही. मला ते खरं वाटायचं. कितीतरी वर्षं खरं वाटायचं. पुढे खरी गाडी शिकताना तर... जाऊ दे, तो विषय नको.

तर त्याचं कारण असं, की नेहमीच्या स्टिकच्या बुडाशी कार्बनचा पट्टा असतो आणि त्याच्यावरून घासत फिरणारी बारीकशी पत्र्याची पट्टी. अंगठा हलला की ती सरकते, विद्युतरोध बदलतो, त्यावरून यंत्राला दिशा कळते. वापरून वापरून कार्बन झिजतो. मग अंगठा पूर्ण उचलला तरी यंत्राला वाटत राहतं, कुणीतरी ढकलतंय. चुंबकावर चालणाऱ्या स्टिकही असतात, हॉल इफेक्टवाल्या. त्यांत काही घासतच नाही. सेगाच्या ड्रीमकास्ट कन्सोलला १९९८ सालीच तशी स्टिक होती. तरी आजही कन्सोलच्या खोक्यात घासणाऱ्याच येतात, आणि त्याबद्दल मला बरंच काही बोलायचंय, पण आज नाही. बऱ्याच खेळांत डेडझोन वाढवायची सोय असते, मधल्या थोड्याशा हालचालीकडे दुर्लक्ष कर असं खेळाला सांगता येतं. तेवढ्याने सुरुवातीचा ड्रिफ्ट झाकला जातो.

हे वाचून या वयात मला दादाला फोन करून सांगावंसं वाटलं, की मला चालवता येत होती, कार्बन झिजला होता. रात्री साडेअकराला. नाही केला.

१९७२ साली पहिलं घरगुती कन्सोल आलं, मॅग्नाव्हॉक्स ओडिसी, तेव्हा त्याच्या खोक्यात दोन कंट्रोलर होते. त्यातलं टेबल टेनिस एकट्याने खेळायची सोयच नव्हती, समोर कुणीतरी बसायलाच हवं. १९७७ च्या अटारीबरोबरही दोन जॉयस्टिक यायच्या. आता एकच येतो. उरलेला माणूस आपण शोधायचा, आणि त्याचा कंट्रोलरही आपणच घ्यायचा. तो नुसता पडून राहिला तरी सांभाळावा लागतो. आतली लिथियमची बॅटरी हळूहळू आपोआप उतरते, पार रिकामी होऊन महिनोन्महिने राहिली की खराब होते. म्हणजे कुणी येवो न येवो, मधूनमधून त्याला चार्जिंगला लावायचं. मला एकदम डोळ्यांसमोर आलं, मी रविवारी सकाळी कुणाच्या तरी नावाचा कंट्रोलर चार्ज करतेय. पुढचं सुचलंच नाही. उठून पाणी प्यायले.

परत येऊन बसले आणि स्वतःचंच हसू आलं.

मला त्याच्याकडून काय ऐकायचं होतं ते आता कळलं. "चांगला मला हवा" असं म्हणायला हवं होतं त्याने. हक्काने, पूर्वीसारखं. मग मी म्हणणार होते, नाही, पैसे माझे, कन्सोल माझा, टीव्ही माझा, चांगला माझा, तू वायरचा घे. सगळं तयार होतं. किती वर्षांपासून तयार होतं कुणास ठाऊक. आणि या माणसाने एका वाक्यात सगळं काढून घेतलं, तेही फोन वहिनीकडे देता देता. पहिल्या रिमोटचा मान शेवटी मला मिळाला तो असा, कुणाला नकोय म्हणून. भांडण जिंकायला समोर भांडणारा तरी हवा की नको!

आणि मान म्हणजे तरी कसला. आता कुठल्याच कंट्रोलरला बटण कमी नाही. जो आधी चालू करेल तो पहिला, टचपॅडखालचे बारके पांढरे दिवे सांगतात कोण कितवा. एक दिवा लागला तर पहिला, दोन लागले तर दुसरा. थांबवायचं बटण दोघांकडेही आहे. दुसऱ्या क्रमांकाचं म्हणून जे काही मी इतकी वर्षं जपून ठेवलंय, ते या यंत्राच्या गावीही नाही.

एज काढून टाकला टोपलीतून. मागची बटणं मी कशाला वापरणार होते, पुढची तरी कुठे सगळी वापरते. वायरचाही काढला. साधा ड्यूलसेन्स, खोक्यातल्यासारखाच पांढरा. दोन्ही सारखे. कुठला कुणाचा ते कळायलाच नको, म्हणजे कुठलाही चालेल म्हणणाऱ्याला खरोखरच कुठलाही चालेल. हे लिहून फार उदार वाटलं मला, साधारण पाच मिनिटं.

तेवढ्यात वहिनीचा मेसेज दिसला. मघाशीच आलेला, आत्ता बघितला. "चिकू विचारतोय त्याचा कुठला. लाल मिळतो का म्हणतोय."

त्याचा!

दादाच्या आणि माझ्या या भानगडीत चिकू कुणाच्याच मोजणीत नव्हता. आम्ही दोघंच आहोत आणि यंत्राला दोनच वायरी आहेत, अशा थाटात मी दिवसभर बसले होते. आणि तिकडे एक माणूस 'माझा' म्हणून मोकळा झालाय, रंगासकट. हे बरंय. कुणीतरी म्हटलं एकदाचं.

लाल मिळतो. टाकला टोपलीत. खोक्यातला एक, लाल एक, आणि दादासाठीचा पांढरा एक. इतके कंट्रोलर घेणारी मी, आणि अजून खेळ एकही घेतलेला नाही.

दादालाही मेसेज टाकलाय. "जुना घेऊनच ये. पीएस४चा गाड्यांचा खेळ टाकून ठेवते, त्याला तो चालतो. नव्यांसाठी इथे तुझा एक आहे." अंगठ्याचं काही लिहिलं नाही. ताण मी सगळ्यांचाच बंद करून ठेवणार आहे, चिकूचा धरून. कडक-मऊचा प्रश्नच नको. धनुष्याची दोरी लागेल तेव्हा बघू.

आता राहिलं चार्जिंग. सोनीचा जो डॉक आहे त्यावर दोनच बसतात. तिसरा वायर लावून कुठेतरी ठेवायचा. कुणाचा, ते चिकू आल्यावर ठरेल. म्हणजे माझाच.