फाइल मॅनेजर निवडताना मी नावं आणि तारखा बघते

फोनवर किंवा टॅबलेटवर फाइल मॅनेजर, म्हणजे फाइली बघायचं आणि इकडून तिकडे न्यायचं ॲप, कोणता घ्यावा यावर इंटरनेटवर पुष्कळ लिहिलेलं सापडतं, आणि त्यातलं बरंचसं दिसण्याबद्दल असतं. डार्क थीम आहे का, आयकॉन छान आहेत का, मेमरी ‘क्लीन’ करतो का. मला यातलं काहीच नको असतं. कार्डावरची फाइल तिच्या नावासकट आणि तारखेसकट दुसऱ्या ठिकाणी जावी, एवढंच माझं मागणं. साधं वाटतं ना? करून बघा.

मी कुडाळला राहते. कार्तिक लागला की आमच्याकडे जत्रा सुरू होतात आणि जत्रांबरोबर दशावतार. या नाटकांना छापील संहिता नसते. कथानक पुराणातलं, ठरलेलं. संवाद मात्र नट तिथल्या तिथे रचतो. त्यामुळे एकच ‘वत्सलाहरण’ दोन गावांत ऐकलं तर दोन निराळी नाटकं ऐकल्यासारखं होतं, आणि सकाळी त्यातलं काहीही कागदावर उरत नाही. म्हणून मी रेकॉर्डिंग करते, अर्थात मंडळाला विचारून. पायपेटीवाल्या बुवांच्या बाजूला बसायला जागा मिळाली तर उत्तमच.

रेकॉर्डरवर मी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ असं ठेवते. म्हणजे तासाला साधारण एक जीबी. माझा रेकॉर्डर दोन जीबी भरले की आपणहून नवी फाइल सुरू करतो, म्हणजे दोनेक तासांचा एक तुकडा, रात्रभराचे तीन किंवा चार. कार्ड फॉरमॅट केलं की नंबर पुन्हा एकपासून सुरू. थोडक्यात, प्रत्येक रात्रीच्या पहिल्या फाइलीचं नाव तेच, दुसरीचं तेच. कुठली रात्र कुठली हे सांगणारी एकच खूण उरते, ती म्हणजे फाइलीची तारीख आणि वेळ. ती वेळ तुकडा बंद झाल्याची असते, त्यामुळे नाटकाच्या सुरुवातीचा संकासूर किती वाजता आला, मुख्य आख्यान कधी सुरू झालं, हेसुद्धा नंतर मागे मोजत काढता येतं. ही तारीख कॉपी करताना आजची झाली तर आवाज शाबूत राहतो आणि नोंद जाते.

लॅपटॉप का नेत नाहीस, असं मला बरेच जण विचारतात. स्कूटर, दव, लाल माती आणि रात्रभर पिशवीवर डोळा ठेवणं, हे उत्तर पुरेसं आहे. आठ इंची टॅबलेट पर्समध्ये मावतो, त्याला कार्डाची खाच आहे, आणि नाटक संपल्यावर देवळाच्या पायरीवर बसून एक प्रत तिथेच काढता येते. भाचा म्हणतो, “मावशे, कित्याक इतको त्रास? क्लाउडार घाल मगे.” त्या देवळापाशी फोनला धड एक कांडी रेंज नसते. सहा जीबी कुठल्या क्लाउडवर घालू?

हातात मावणाऱ्या संगणकाची मला सवय तशी जुनी. भावानं मस्कतहून स्टायलसवाला पॉकेट पीसी आणला होता. २००५ मध्ये विंडोज मोबाइल ५.० आलं, तोपर्यंत या यंत्रांमध्ये आपला सगळा माल रॅममध्येच असायचा. बॅटरी पुरती उतरली की फाइलीही गेल्या. म्हणून सगळं कार्डावर ठेवायचं, आणि त्यासाठी बरा फाइल मॅनेजर लागायचा. अंगचा होता तो अगदीच तुटपुंजा. लोक ब्रातिस्लाव्हाच्या रेस्कोचा एक्सप्लोरर विकत घ्यायचे. मी टोटल कमांडरची पॉकेट पीसी आवृत्ती घातली, कारण ती फुकट होती. पाम नावाच्या दुसऱ्या हातयंत्रावाल्यांची गंमत आणखी वेगळी: त्यांच्याकडे मुळात फाइलीच नव्हत्या, सगळे डेटाबेस. कार्डावरच्या फाइलींची सोय पाम ओएस ४ बरोबर आली, आणि मग फाइलझी वगैरे फाइल मॅनेजरांना काम मिळालं.

टोटल कमांडर तेव्हापासून माझ्या हाताला बसलाय. स्वित्झर्लंडच्या क्रिस्टियन गिसलर यांनी तो १९९३ मध्ये विंडोज कमांडर या नावानं काढला. ‘विंडोज’ हा मायक्रोसॉफ्टचा ट्रेडमार्क असल्यामुळे २००२ मध्ये नाव बदललं. एका बाजूला ‘कुठून’ आणि दुसऱ्या बाजूला ‘कुठे’ ही रचना त्याहून जुनी, १९८६ च्या नॉर्टन कमांडरची. मला ती आवडते कारण कॉपीचं बटण दाबण्याआधी दोन्ही टोकं डोळ्यांसमोर असतात. एकाच खिडकीत ‘कॉपी’ म्हणायचं, मग पाच फोल्डर चालत जायचं आणि ‘पेस्ट’ म्हणायचं, यात पहाटे पाचला चूक व्हायला कितीसा वेळ लागतो.

पण सवय म्हणून निवड केली असं नको, म्हणून नवा टॅबलेट घेतला तेव्हा मी एक फोल्डर तयार केलं आणि त्याला ‘परीक्षा’ नाव दिलं. आत काय काय ठेवलं ते सांगते.

जुन्या तारखेची एक पूर्ण दोन जीबीची फाइल. त्याच नावाची, पण वेगळ्या रात्रीची दुसरी फाइल. विंडोजवर केलेला, आत मराठी नावं असलेला झिप. आणि एक खूप लांब मराठी नावाची फाइल. ही लांब नावाची भानगड फारशी कुणाला ठाऊक नसते. अँड्रॉइडच्या अंतर्गत मेमरीत फाइलीचं नाव २५५ बाइटपर्यंत चालतं. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि इथे काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं. ‘लक्ष्मीनारायण’ हे तेरा चिन्हांचं, म्हणजे ३९ बाइटचं नाव. सहा वेळा लक्ष्मीनारायण लिहिलं की जवळजवळ जागा संपली. उलट कार्डावर किंवा पेनड्राइव्हवर, एफएटी आणि एक्सएफएटी या फॉरमॅटच्या पद्धतींमध्ये, मर्यादा २५५ चिन्हांची आहे, बाइटांची नाही. म्हणजे गाव, देवस्थान, मंडळ, आख्यान, मुख्य नट असं सगळं एका नावात कोंबलेली फाइल कार्डावर सुखानं नांदते आणि टॅबलेटवर यायला नकार देते. प्रश्न मर्यादेचा नाही; मॅनेजर त्या वेळी काय करतो याचा आहे. एकानं स्पष्ट सांगितलं की नाव फार लांब आहे, बदला. दुसऱ्या एका नावाजलेल्यानं ती फाइल चुपचाप सोडून दिली आणि खाली हिरवी टिकमार्क दाखवली. तो तिथेच बाद.

आणखी एक परीक्षा ‘ऱ्य’ची. ‘पुजाऱ्याची मुलाखत’ हे नाव मी दोन कीबोर्डांवरून टाइप केलं. एक कीबोर्ड ‘ऱ’ हे वेगळं अक्षर वापरतो, दुसरा साधा ‘र’ घेऊन हलन्तानंतर एक न दिसणारा जोडक घालतो. डोळ्यांना दोन्ही सारखीच, आतून वेगळी. शोधात एक टाइप केलं तर दुसरं सापडत नाही. मी तपासलेल्यांपैकी या परीक्षेत एकही पास झाला नाही, त्यामुळे इथे कुणाला दोष देता येत नाही. मी आपली ‘पुजारी’ असंच लिहिते आणि पुढे जाते. वर्णक्रमाचंही तसंच: युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना नंबर देणाऱ्या जागतिक यादीत, ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर बसवलाय, आणि जो मॅनेजर नुसता त्या क्रमानं यादी लावतो त्याच्या यादीत ‘ळ’ आपल्या नेहमीच्या जागी, ‘ह’च्या नंतर, सापडत नाही. पण ‘ळ’नं सुरू होणारं गाव अजून भेटलं नाही, तेव्हा हे मी सोडून दिलं.

खरी मेख तारखेची. पूर्वी अँड्रॉइडवर कार्ड म्हणजे मोकळं रान होतं. २०१३ च्या ४.४ आवृत्तीत कार्डावर लिहायची मुभा बाहेरच्या ॲप्सकडून जवळजवळ काढून घेतली. पुढच्या वर्षी ५.० मध्ये ती परत दिली, पण सरळ नाही. ॲपनं सिस्टिमला विनंती करायची, तुम्ही फोल्डर दाखवून ‘परवानगी द्या’ म्हणायचं, मग सिस्टिम त्याच्या वतीनं लिहिणार. कचेरीच्या खिडकीतून कागद आत दिल्यासारखं आहे हे: कागद पोचतो, पण आवक-तारखेचा शिक्का तिकडचा बसतो. कारण या मार्गानं फाइलीची जुनी तारीख कायम ठेवण्याची सोयच ठेवलेली नाही. २०२० च्या अँड्रॉइड ११ पासून ‘सर्व फाइलींचा ॲक्सेस’ अशी एक मोठी परवानगी आली. ती दिलेला मॅनेजर कार्डाच्या खाचेतल्या कार्डावर थेट लिहू शकतो आणि मनावर घेतलं तर तारीखही जपू शकतो. मनावर घेतलं तर. ओटीजी केबलनं (टॅबलेटला पेनड्राइव्ह जोडायची तार) जोडलेला पेनड्राइव्ह मात्र माझ्या टॅबलेटवर अजूनही खिडकीतूनच जातो.

याचा व्यवहारात अर्थ असा की दिशा महत्त्वाची. कार्डावरून टॅबलेटमध्ये येताना तारीख टिकते, टॅबलेटवरून पेनड्राइव्हवर जाताना आजची होते. यावर माझा तोडगा झिपचा आहे. झिपच्या आत प्रत्येक फाइलीची तारीख नोंदलेली असते, दोन सेकंदांच्या फरकानं, तेवढा मला चालतो. संकोचन शून्य ठेवायचं, कारण असं रेकॉर्डिंग आवळून फारसं लहान होत नाही आणि बॅटरी मात्र खातं. प्रत्येक तुकड्याचा वेगळा झिप करायचा, कारण माझे पेनड्राइव्ह एफएटी३२ चे आहेत आणि त्यावर चार जीबीहून मोठी फाइल मावत नाही.

आता ‘सर्व फाइलींचा ॲक्सेस’ ही परवानगी कुणालाही देण्यासारखी नाही. ईएस फाइल एक्सप्लोरर आठवतो? एके काळी प्रत्येकाच्या फोनवर असायचा. जानेवारी २०१९ मध्ये उघडकीला आलं की तो फोनवर ५९७७७ क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरून आत यायचं दार, उघडा ठेवतो आणि त्याच वायफायवरचा कुणीही त्यातून फाइली वाचू शकतो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तो प्ले स्टोअरवरून गेला, आणि २९ जून २०२० ला भारत सरकारनं बंदी घातलेल्या ५९ ॲप्समध्येही त्याचं नाव होतं. तेव्हापासून मी एक प्रश्न आधी विचारते: माझ्याच कार्डावरची फाइल माझ्याच टॅबलेटमध्ये आणायला याला इंटरनेट कशाला लागतं? जाहिराती दाखवायला, एवढंच उत्तर असेल तर नको.

गुगलचं फाइल्स मी आईच्या फोनवर ठेवलंय. सुप्रभातचे गुलाब, एकच फोटो चार ग्रुपांमधून चारदा, हे ते नेमकं शोधून काढतं; पुसलेलं महिनाभर कचरापेटीत राहतं. तिला तेच हवं. एक्स-प्लोर लोन्ली कॅट गेम्सचा, सिम्बियनच्या नोकियावर होता तेव्हापासूनचा. एकाच वेळी पुष्कळ फाइलींची नावं बदलायची असतील तर मी तो उघडते. मटेरियल फाइल्स मुक्तस्रोत आहे, एफ-ड्रॉइड या मुक्तस्रोत ॲप्सच्या दुकानात मिळतो, जाहिरात नाही. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइलीचा चेकसम, म्हणजे आतल्या सगळ्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा, दिसतो, आणि ही गोष्ट मला फार कामाची वाटते: मूळ आणि प्रत, दोघांचे आकडे जुळले की मगच मी कार्ड फॉरमॅट करते. नुसता आकार जुळला म्हणून विश्वास ठेवत नाही.

रोजच्या कॉपीसाठी शेवटी टोटल कमांडरच राहिला. रुक्ष दिसतो, हे खरं. बटणं एवढीशी, आणि फाइल निवडायला तिच्या आयकॉनवरच बोट पडावं लागतं. कचरापेटी नाही, पुसलं ते गेलं. पण आडवा धरला की दोन्ही बाजू दिसतात, फुकट आहे, जाहिराती नाहीत. माझ्या टॅबलेटवर कार्डावरून आत येताना त्यानं तारीख जपली आणि एकाच नावाच्या दोन फाइली समोरासमोर आल्या तेव्हा थांबून मला विचारलं. पहाटे झोप अनावर झालेली असताना यंत्रानं थांबून विचारणं मला फार मोलाचं वाटतं. ‘मूव्ह’ मात्र मी कुठल्याच मॅनेजरला सांगत नाही. दोन वेगवेगळ्या जागांमध्ये मूव्ह म्हणजे आधी कॉपी आणि मग मूळ पुसणं. पुसायचं असेल तर ते मी घरी, चहा घेतल्यावर, स्वतः करीन.

नावं देण्याची पद्धत विचाराल तर: आधी वर्ष-महिना-दिवस, इंग्रजी कीबोर्डवरच्या आकड्यांत, मग गाव, मग आख्यान, मग तुकड्याचा नंबर. बाकी सगळं, म्हणजे कोण स्त्रीपार्टी (स्त्रीची भूमिका करणारा नट) होता, मृदंगावर कोण, मध्येच लाइट किती वेळ गेली होती, हे त्याच फोल्डरमधल्या एका साध्या टेक्स्ट फाइलीत. तिथे २५५ बाइटची कटकट नाही.

हे सगळं अँड्रॉइडचं झालं. आयफोनवर २०१७ च्या आयओएस ११ पासून फाइल्स नावाचं ॲप आहे आणि पुतण्या त्यावर खूश आहे, पण त्याला कार्डाची खाच नाही, तेव्हा त्याबद्दल मला विचारू नका, त्यालाच विचारा.