बदामी म्हणजे सालीसकट की सोललेला?

घर रंगवायचं ठरलं आणि शेड कार्डाचा पंखा उघडला की घरातली माणसं दुपारची झोप विसरतात. हजाराच्या वर चौकोन, त्यात पांढऱ्याचेच इतके प्रकार की शेवटी सगळे सारखेच दिसायला लागतात. मग कुणीतरी सोफ्यावरून म्हणतं, "साधा बदामी द्या की लावून." बदामी म्हणजे सालीसकट की सोललेला, इथून वाद सुरू होतो. साडीच्या दुकानात नुसतं चिंतामणी म्हटलं तरी गठ्ठ्यातून नेमकी साडी निघते. रंगाच्या दुकानात श्रीखंडी म्हणून बघा, काउंटरवरचा माणूस शांतपणे नंबर विचारेल.

नंबर तरी कुठे खरा? तो निवडलेला असतो दुकानातल्या ट्यूबच्या निळसर उजेडात, 6500 केल्विनच्या आसपासच्या (केल्विन म्हणजे उजेडाची छटा मोजायचं माप; आकडा मोठा तितका उजेड निळा). घरी बेडरूममध्ये असतो 3000चा पिवळा दिवा. दुकानात जुळ्या दिसलेल्या दोन राखाडी छटांतली एक घरी जांभळट निघते, दुसरी मातकट.

त्यात घर कुठे आहे हेही आलंच. ठाण्यात खाडी पूर्वेला आणि येऊरचे डोंगर पश्चिमेला. घोडबंदर रोडवर डोंगराकडे तोंड असलेल्या फ्लॅटमध्ये पावसाळाभर झाडांवरून परतलेला हिरवा उजेड येतो. त्यात राखाडी भिंत शेवाळल्यासारखी दिसते आणि फिकट गुलाबी मळकट. खाडी ओलांडून वाशी-नेरूळला गेलं की सगळं उलटं: खाडी पश्चिमेला, पारसिकचा डोंगर पूर्वेला. पाच वाजता ऊन आडवं होऊन पाण्याच्या बाजूने थेट हॉलमध्ये घुसतं. तिथे हौसेने क्रीम लावावा, तर संध्याकाळी त्याचा आमरस होतो. शिवाय समोरचा टॉवर. त्यांनी विटकरी रंग काढला की ऊन तिथे आपटून आपल्याकडे येतं आणि चारच्या सुमाराला आपली पांढरी भिंत लाजते. म्हणजे आपल्या हॉलचा रंग अर्धा तरी समोरच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठरतो.

म्हणून चौकोनावर जाऊ नये. एक लिटरचा डबा आणून दोन बाय दोन फुटांच्या हार्डबोर्डवर आधी प्रायमर, मग रंगाचे दोन हात मारावेत आणि कडेने दोन इंच पांढरा काठ सोडावा. थेट भिंतीवर ठिगळ लावलं तर शेजारचा जुना पिस्ता नव्या रंगाला बिघडवतो; पांढरा काठ त्याला लांब ठेवतो. रंग पूर्ण वाळू द्यावा, कारण इमल्शन, म्हणजे पाण्यात कालवायचा भिंतीचा रंग, ओला असताना फिका दिसतो आणि वाळला की गडद होतो. मग तो तुकडा खिडकीच्या भिंतीला, तिच्या समोरच्या भिंतीला आणि कपाटाशेजारच्या कोपऱ्यात टेकवून सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर पाहावा. एवढं करून जो आवडेल त्याच्या एक पायरी फिका घ्यावा. चार भिंती एकमेकींवर उजेड फेकत राहतात, त्यामुळे खोलीभर लागलेला रंग तुकड्यापेक्षा चढाच दिसतो. पिवळा तर विचारूच नका.

पिवळ्या-लालाची आणखी एक खोड. हे भडक रंग ज्या बेसमध्ये, म्हणजे दुकानातलं मशीन ज्यात छटेचे थेंब टाकतं त्या मूळ रंगात, मिसळतात त्यात पांढरं रंगद्रव्य जवळजवळ नसतंच, म्हणून ते खालचं झाकत नाहीत. दोन हात ठरलेले असतात, तिसरा लागतो आणि पेंटरशी वाजतं. लालाखाली राखाडी टिंट केलेला प्रायमर मारला तर हे बरंचसं टळतं.

हिशोब सोपा आहे. दहा बाय बाराची खोली आणि साडेनऊ फूट उंची म्हणजे भिंती 418 चौरस फूट. दार-खिडकी वजा जाता 375च्या आसपास. पुट्टी गुळगुळीत असेल तर चांगल्या इमल्शनचा एक लिटर दोन हातांना साधारण 60 ते 70 फूट जातो, म्हणजे सहा लिटर. ते चार, एक, एक अशा डब्यांत येतात आणि प्रत्येक डब्यात मशीनचा थेंब किंचित इकडेतिकडे होतो. सगळे डबे आधी एका बादलीत ओतून ढवळावेत. "संपला की आणू" म्हणणाऱ्या घरात भिंतीच्या मधोमध पट्टा दिसतोच.

बाथरूममागची भिंत मात्र आधी तपासावी. दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून दिवसभर ठेवायचा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर तिथे रंगाचं काम नाही, प्लंबरचं आहे. ओलीवर रंग मारला तर आतले क्षार बाहेर फुटतात आणि दिवाळीला लावलेला रंग श्रावणात पोपड्यांनी हातात येतो.

चुन्याच्या दिवसांत एवढा विचार नव्हता. ठाण्याच्या नौपाड्यातल्या जुन्या घरांत दसऱ्याआधी पत्र्याच्या पिंपात कळीचा चुना पाण्यात पडायचा आणि खदखदून वाफा सोडायचा. पोरांना लांब हाकललं जायचं, पोरं पुन्हा जवळ यायची. फडक्यातून गाळायचं, डिंकाचं पाणी घालायचं आणि पिवळटपणा मारायला नीळ. ती कुणाच्या तरी हातून जास्त पडायचीच आणि वर्षभर भिंतीवर निळसर फराटे राहायचे. कुंच्याचा पहिला हात तर नुसतं पाणी मारल्यासारखा दिसायचा. पाहुणा बघून म्हणायचा, "हे काय, लागलाच नाही." सकाळपर्यंत पाणी उडून भिंत पांढरीफेक झालेली असायची. नंतर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत तिचा हळूहळू पुन्हा दगड व्हायचा. पाठ टेकली की शर्ट पांढरा, ही त्यातली खोट. आता मॅट रंगावर उलटं होतं: पाठ टेकली की भिंतीवर डोक्याच्या तेलाचा गोल.

नेरूळच्या जुन्या घरांत स्विचबोर्डची पाटी सोडवली की हे सगळं एका बोटाच्या रुंदीत सापडतं. वर यंदाचा राखाडी, त्याखाली पिस्ता, मग गुलाबी डिस्टेंपर आणि अगदी आत चुन्याची निळसर कड. पेंटर विचारतो, "पाटीमागे मारू का?"

नको म्हणतात सगळे. दिसतंय कुणाला.