शिसवाची पोरं

झोप येईना म्हणून लिहायला बसलेय. पाऊस थांबायचं नाव घेईना.

आज सेकंड इयरला हार्डी-वाइनबर्ग घेतलं, म्हणजे बाहेरून ढवळाढवळ झाली नाही तर जनुकांचं प्रमाण पिढ्यानपिढ्या तेच राहतं तो नियम, दरवर्षीचंच, 1908, पी स्क्वेअर, टू पीक्यू, आणि उदाहरण म्हणून नेहमीसारखी माझ्या पीएचडीतली, बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडची शिसवं सांगितली, की बघा, जंगलाचे तुकडे पडले तरी झाडांतली जनुकीय विविधता टिकून आहे. तर शेवटच्या बाकावरचा खानापूरकडचा पोरगा, एरवी तोंड उघडत नाही, उठून म्हणतो, "मॅडम, म्हाताऱ्या झाडांचीच पानं घेतलासा काय? पोरांची नाही घेतलासा?"

सगळी हसली. मी "चांगला प्रश्न आहे" म्हटलं आणि पुढच्या स्लाइडवर गेले. पुढं गेले, तेच खुपतंय.

नाहीच घेतली. 48 झाडं, सगळी थोराड. गलोलीनं वरची डहाळी पाडायची, ती गोल गोल पानं, टोकाला बारीकशी खाच असलेली, वाळवायला सिलिका जेलच्या पाकिटात भरायची आणि सोबतचे अण्णा पाकिटावर नंबर घालायचे. ती झाडं रुजली तेव्हा जंगल सलग होतं, मधमाश्या या झाडाचे परागकण त्या झाडाला नेत होत्या. म्हणजे मी मोजली ती जुन्या जंगलाची श्रीमंती. तुकडे पडल्यावर काय झालं ते खालच्या रोपांत कळणार, आणि रोपांकडं मी वाकून बघितलंच नाही. त्यात शिसवाला मुळांवरनं फुटवे येतात, बुंध्याभोवती वीस पोरं उभी दिसली तरी वीसच्या वीस एकाच झाडाची असू शकतात. हे काय मला माहीत नव्हतं? वर्गात मीच शिकवते की.

संध्याकाळी जरा रडले. पुण्यात राहिले असते तर स्वतःची लॅब असती, दर पाच वर्षांनी जाऊन रोपं मोजली असती, इथं डीएनए तपासायच्या मशीनसाठी सॅम्पल बाहेर पाठवायचे आणि वाट बघत बसायचं. जाऊ दे तो विषय.

मग चहा घेतला आणि थिसिस उघडून बसले. एकही आकडा खोटा नाही. काम अर्धं राहिलंय, खोटं नाही झालेलं. आणि राहिलेलं अर्धं नेमकं कुठलं ते त्या पोरानं बरोबर दाखवलं, त्याच झाडांखालनं चालत शाळेला गेलेला असणार तो.

मी पानं गोळा केली तेव्हा तिथलं भीमगड अभयारण्य नव्हतं, ते 2011 ला झालं. आता तिथलं पान तोडायचं तरी परवानगी लागते. उद्या फॉरेस्टला अर्ज लिहिते, कन्नडात, त्यात शिसव नाही, बीटे लिहायचं. पोराला विचारते येतोस काय म्हणून.

सिलिका जेलचा जुना डबा काढला तर निळे खडे सगळे ओल धरून गुलाबी झालेले. वाळवायला ओव्हनला लावलेत.