वाफसा मिलिव्होल्टमध्ये कसा पकडायचा

हॅकरस्पेसमध्ये, म्हणजे हौशी लोक एकत्र येऊन इलेक्ट्रॉनिक्स करतात त्या जागेत, नवीन आलेल्याचा एलईडी लुकलुकला, की दुसरा प्रकल्प बहुधा मातीच्या ओलाव्याचा असतो. नाशिकमध्ये तर हमखास, कारण कुणाच्या ना कुणाच्या मामाची द्राक्षबाग असतेच, आणि मामाला हवा असतो वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही पुरेशी असण्याची अवस्था. कुंडीत हा प्रकल्प अर्ध्या तासात चालतो. निफाडच्या काळ्या जमिनीत गाडला की पंधरा दिवसांत मनाला येईल ते आकडे देऊ लागतो, आणि मग चार शनिवार कोड तपासण्यात जातात. चूक कोडमध्ये क्वचितच असते. ती सेन्सरच्या पट्टीच्या कडेला असते, मातीच्या भेगेत असते, नाहीतर बॅटरीपाशी.

दोन काट्यांचा, मातीतून करंट सोडणारा स्वस्त सेन्सर घेऊच नका. डीसी करंटमुळे एका काट्याचा मुलामा जातो, तांबे उघडे पडते आणि काही आठवड्यांत काटा झिजून जातो. शिवाय ठिबकमधून विद्राव्य खत सोडले की मातीतले क्षार वाढतात आणि ओल तेवढीच असताना सेन्सर जास्त दाखवतो. त्यापेक्षा काळ्या पट्टीचा कपॅसिटिव्ह सेन्सर (मातीची विद्युतभार साठवण्याची क्षमता मोजणारा) घ्या, ज्यावर व्ही१.२ छापलेले असते. क्षार त्यालाही थोडे जाणवतात, पण त्याचा धातू मातीला लागत नाही.

या पट्टीच्या नकला मात्र फार. पाकीट फोडल्याबरोबर तीन गोष्टी बघायच्या. पहिली, टायमर आयसीवर टीएलसी५५५ आहे की एनई५५५. एनई५५५ ला किमान ४.५ व्होल्ट लागतात आणि पट्टीवरचा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) व्होल्टेज त्याच्या बराच खाली आणतो, त्यामुळे ती पट्टी भरवशाची नाही. दुसरी, रेग्युलेटर मुळात बसवलेला आहे का. तो नसेल तर बॅटरी उतरेल तसे आकडेही उतरतात. तिसरी गोष्ट सर्वात फसवी. मल्टिमीटर आउटपुट आणि ग्राउंडमध्ये लावा, साधारण १ मेगाओम दिसला पाहिजे. दिसत नसेल तर तो रेझिस्टर ग्राउंडला जोडलेलाच नाही. अशी पट्टी पाण्यात बुडवली तर आकडा सेकंदात न बदलता मिनिटभर रेंगाळतो. उपाय सोपा आहे: त्या दोन पिनांमध्ये बाहेरून १ मेगाओमचा रेझिस्टर सोल्डर करा.

पट्टीच्या दोन्ही बाजूंना लेप असतो, पण कापलेल्या कडा उघड्या राहतात. तिथून फायबरच्या थरांत पाणी शिरते आणि आकडा दिवसेंदिवस ओलीकडे सरकत जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कडांना पॉलियुरेथेन वार्निशचे किंवा इपॉक्सीचे दोन हात द्या, मधे पूर्ण वाळू द्या. वरच्या टोकाच्या सुट्या भागांवर इपॉक्सी ओतून श्रिंक ट्यूब चढवा. लेपाने कपॅसिटन्स बदलतो, म्हणून कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरचा आकडा खऱ्या ओलीशी जुळवणे, लेपानंतरच.

कॅलिब्रेशन हा खरा शनिवारचा कार्यक्रम, आणि तो चार-पाच जणांनी मिळूनच करायचा. हवा म्हणजे ० टक्के आणि पाणी म्हणजे १०० टक्के हे इंटरनेटवरचे गणित शेतात निरुपयोगी आहे. ज्या बागेत सेन्सर लावायचा तिथलीच ३० सेंटिमीटर खोलीची माती आणा, ढेकळे फोडून चाळा आणि १०५ अंशांवर २४ तास वाळवा. (घरच्या ओव्हनमध्ये नको, वास जाता जात नाही.) आठ पिशव्यांत प्रत्येकी ५०० ग्रॅम कोरडी माती भरा आणि पाणी ०, २५, ५० असे वाढवत १७५ मिलिलिटरपर्यंत घाला. म्हणजे वजनाने ० ते ३५ टक्के. हे आदल्या दिवशीच करून, मळून, तोंड बांधून ठेवायचे. चिकण माती पाणी हळू ओढते, घाई केली तर आत कोरडे गोळे राहतात. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या बरणीत सारख्याच दाबाने भरा आणि प्रत्येक मातीत पट्टी तीनदा खोचून मिलिव्होल्ट लिहा. ओल वाढेल तसे व्होल्टेज कमी होते, पण सरळ रेषेत नाही. म्हणून सूत्र बसवत बसू नका, आठ बिंदूंचा तक्ता कोडमध्ये टाका आणि मधले आकडे त्यावरून काढा.

आकडे वाचायला ईएसपी३२ हा वायफायवाला मायक्रोकंट्रोलर वापरत असाल तर पिन ३२ ते ३९ मधलीच घ्या, बाकीच्या अ‍ॅनालॉग पिना वायफाय चालू असताना वाचता येत नाहीत. पट्टीला वीज दिल्यावर अर्धा सेकंद थांबा, ३२ वाचने घ्या, टोकाची टाकून द्या आणि उरलेल्यांची सरासरी काढा.

आता जमीन. काळी माती वाळली की आकसते, भेग नेमकी पट्टीच्या अंगाला पडते आणि सेन्सर हवा मोजत बसतो. शेजारी ओल असूनही. त्यासाठी त्याच मातीचा पातळ राडा करून खड्ड्यात ओता आणि पट्टी उभी रोवा. आडवी ठेवली तर वर पाणी साचते. ड्रिपरपासून १५ ते २० सेंटिमीटरवर एक पट्टी ३० सेंटिमीटर खोल आणि दुसरी ६० वर. पहिला आठवडा आकड्यांकडे बघूच नका, राडा बसायला तेवढा वेळ लागतो. मग एकदा भरपूर पाणी द्या आणि दोन-तीन दिवसांनी मालकाने माती मुठीत दाबून "वाफसा आला" म्हटले की त्या क्षणाचे मिलिव्होल्ट टिपून ठेवा. बागायतदाराला टक्के नको असतात. स्क्रीनवर कोरडी, वाफसा, जास्त ओल एवढे तीन शब्द पुरतात. तुलना रोज पहाटेच्या आकड्यांचीच करा, कारण दुपारच्या तापमानानेही वाचन हलते.

बागेत वायफाय नसते, म्हणून लोरा, म्हणजे कमी विजेवर लांबपर्यंत आकडे पाठवणारा रेडिओ. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झला परवाना लागत नाही. ८६८ लिहिलेले मॉड्यूल घेऊन कोडमध्ये ८६६ टाका. तारेचा अँटेना ८.६ सेंटिमीटर. अँटेना न लावता प्रसारण केले तर मॉड्यूल जळू शकते. मांडवाच्या लोखंडी तारांपासून तो दूर आणि पानांच्या वर ठेवा. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग उघडी असताना रेंज छान मिळते, पाने भरली की तीच कमी होते. चाचणी भरल्या बागेत घ्या.

तयार डेव्हलपमेंट बोर्ड झोपेतही रेग्युलेटर आणि लाल दिव्यापायी १० मिलिअँपिअरच्या आसपास खातो. २००० मिलिअँपिअर-तासांचा सेल आठ दिवसांत संपला. सुटे मॉड्यूल आणि एचटी७८३३ रेग्युलेटर वापरून झोपेतला करंट ०.१ मिलिअँपिअरवर आणा. दर अर्ध्या तासाला तीन सेकंद १०० मिलिअँपिअर धरले तर दिवसाला ४ आणि झोपेचे २.४, म्हणजे तोच सेल कागदावर दहा महिने. प्रत्यक्षात सहा धरा. वीजपुरवठ्यावर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर विसरू नका, नाहीतर प्रसारणाच्या झटक्याला बोर्ड पुन्हा पुन्हा रीसेट होतो.

सोलर पॅनेलचा मोह टाळलेलाच बरा, बोर्डो मिश्रणाच्या फवारणीने त्यावर निळसर पापुद्रा बसतो. गंधकाच्या फवारणीने उघडे कनेक्टर काळे पडतात, म्हणून जोड सोल्डर करून ग्रीस लावा. बोर्ड ठेवायच्या डब्याची भोके खालच्या बाजूला. केबल उंदीर कुरतडतात. ठिबकच्या जुन्या १६ मिलिमीटर लॅटरलचे (नळीचे) तुकडे केबलवर चढवले की काम भागते, आणि ते कुठल्याही बागेच्या बांधावर फुकट पडलेले असतात.