टेस्ट रिपोर्ट मिळाला, टेस्ट कुणी केली?

वरच्या मजल्यासाठी वेगळं मीटर घ्यायचं होतं तेव्हा ही गंमत कळली. वायरिंग आमच्या नेहमीच्या पोराने केलं, हात एकदम साफ आहे त्याचा, पाईपची एक वेलांटी वाकडी नाही. पण नव्या कनेक्शनच्या अर्जासोबत लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट, म्हणजे वायरिंग तपासल्याचा सही-शिक्क्याचा कागद, लागतो, आणि आमच्या पोराकडे तर साधं वायरमनचं परमिटसुद्धा नाही. सरकारी भाषेत ‘तारतंत्री परवाना’, पण तारतंत्री म्हणून हाक मारलेला माणूस मी तरी अजून पाहिला नाही.

तर पोरगा म्हणाला, दादा टेन्शन नको, एक ओळखीचे आहेत, पंधराशेत सही मिळते. मिळाली. सही, शिक्का, लायसन्स नंबर सगळं खरं, फक्त ते गृहस्थ आमच्या घरी कधी आलेच नाहीत. रिपोर्टवर तारीख होती १२ आणि बाथरूममधल्या गीझरचा बोर्ड बसला १५ ला! मीही गप्प बसलो, खोटं कशाला बोलू, मला मीटर हवं होतं.

नियम तसा सरळ आहे. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलायचा तर कुणीही बदला, पण नवीन पॉइंट काढायचा किंवा वायरिंगमध्ये फेरफार करायचा तर लायसन्सवाला कॉन्ट्रॅक्टर, कामावर सर्टिफिकेटवाला सुपरवायझर आणि परमिटवाला वायरमन, असे तिघं लागतात. १५ मीटरपेक्षा उंच बिल्डिंग असली की विद्युत निरीक्षकाच्या ऑफिसचा संबंध येतो. आमच्यासारख्या एकमजली घरात निरीक्षक कशाला येतोय, त्यामुळे काम तपासलं याचा पुरावा म्हणून उरते ती कॉन्ट्रॅक्टरची सही. आणि तीच आपण विकत आणतो.

पुढच्या रविवारी मामा जेवायला आले. ते सुपरवायझर म्हणून रिटायर झालेत, अजूनही हँडल फिरवून वायरचं इन्सुलेशन तपासायचा जुना मेगर पिशवीत घेऊन हिंडतात (मामी त्याला सवत म्हणते). मेन बंद करून, बल्ब आणि सगळी उपकरणं काढून त्यांनी फेज-न्यूट्रल एकत्र धरले आणि अर्थिंगशी मेगर लावला. ५०० व्होल्टवर निदान १ मेगाओहम यायला पाहिजे (जितकं जास्त तितकं इन्सुलेशन चांगलं), आमचं २०-२२ येत होतं, प्लास्टर अजून ओलं होतं म्हणून कमी असेल म्हणाले, पण पास. मग गीझरच्या सॉकेटला लावला तर काटा थेट इन्फिनिटीला. मी खूश.

मामा म्हणाले, “अरे येड्या, सगळ्या घराचं २० येतंय आणि इथंच एवढं भारी कसं? गंडलंय काहीतरी.”

मग मेन चालू करून टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थिंगच्या भोकात धरला. दिवा लागला नाही. खरं तर तिथं अर्थिंग असतं तर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट अर्थिंगकडे गळायला लागला की लाईन तोडणारा स्विच) तिथल्या तिथं पडली असती, ती पण ढिम्म. बोर्ड उघडला तर अर्थिंगची हिरवी वायर छान गुंडाळी करून मागे कोंबलेली, टोकाचं इन्सुलेशनसुद्धा सोललेलं नाही. म्हणजे मेगर अर्थिंगला लागलाच नव्हता, म्हणून काटा इन्फिनिटीला.

मी म्हटलं, पण आरसीसीबी आहे ना मामा, ती वाचवेल की. तर म्हणे, “वाचवेल, पण गीझरची बॉडी लाईव्ह झाली तर तिला पडायला आधी कुणाचा तरी ओला हात लागेल. अर्थिंग असलं की हात लागायच्या आधी पडते.”

पोराला फोन केला तर “अय्यो दादा, तेवढं राहिलंच, त्या दिवशी लाईट गेली होती” आणि अर्ध्या तासात येऊन जोडून गेला, एक रुपया घेतला नाही. परत मेगर लावला, गीझरच्या सॉकेटला पण २१. मामांनी मग त्या टेस्ट रिपोर्टची झेरॉक्स मागून घेतली, तिच्यात सगळ्या रकान्यांत एकाच अक्षरात १०० लिहिलं होतं, आणि मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने पॉइंटवार खरे आकडे लिहून खाली तारीख टाकली. सही मात्र केली नाही. म्हणाले, त्याचे पंधराशे पडतात.