बँकेत असून?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तुम्ही म्हणजे तुम्ही एकटे नाही. सोसायटीतले, शाखेतले जुने सहकारी, बायकोच्या भिशीतल्या बायकांचे नवरे, आणि परवा तर आमच्या सलूनवाल्यानेही केस कापता कापता विचारलं. प्रश्न एकच असतो: हॉलिडे मेंबरशिप कंपनीकडून नवी घ्यावी, की कुणाची जुनी स्वस्तात उचलावी? आणि मी तोंड उघडायच्या आत दुसरा येतो, "पण काय हो, बँकेत असून तुम्ही कसे फसलात?"

आधी दुसऱ्याचं घेतो, कारण तो जास्त लागतो. मी फसलो नाही. फसवायला समोरच्याला खोटं बोलावं लागतं. २०११ साली अंधेरीच्या एका हॉटेलात, टाय लावलेल्या त्या मुलाने मला सांगितलेलं एकही वाक्य खोटं नव्हतं. कंपनीच्या रिसॉर्टमध्ये वर्षाला सात रात्री, तीस वर्षं, २ लाख ८५ हजार रुपये, आणि ही किंमत आजच्यापुरती. "उपलब्धतेनुसार" हा शब्दसुद्धा तो स्पष्ट उच्चारला होता. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या टेबलावर कुणीतरी सही केली, म्हणून त्यांनी फुगा फोडला आणि हॉलभर टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

हिशेब येत नव्हता असंही नाही. घरी येऊन केला. त्या वर्षी एफडीला नऊ टक्क्यांच्या आसपास व्याज होतं. २ लाख ८५ हजारांवर नऊ टक्के म्हणजे वर्षाला २५,६५० रुपये. तेवढ्यात तेव्हा आम्ही चौघं आठवडाभर कुठेही राहून आलो असतो, आणि मुद्दल जागच्या जागी. बरं, बँकेची स्वतःची हॉलिडे होम्स होती, नाममात्र भाड्यात. करार रद्द करायला दहा दिवसांची मुदत होती. युरोपीय संघात २००८च्या निर्देशाने अशा करारांना चौदा दिवसांची मुदत दिलेली आहे. आपल्याकडे टाइमशेअरसाठी, म्हणजे असल्या मेंबरशिपसाठी, वेगळा कायदाच नाही, करारात असेल ते खरं. आमचा करार मी नवव्या दिवशी पूर्ण वाचला. पण तोवर शाखेत पेढे वाटून झाले होते. पेढे वाटलेला माणूस दहाव्या दिवशी जाऊन म्हणणार काय?

म्हणजे फसलो म्हणायचं तर स्वतःच स्वतःला फसवलं. ते फसवणुकीत धरतात का, मला माहीत नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. २०१४ साली आमच्या शाखेतल्या एकाने अगदी अशीच मेंबरशिप एका निवृत्त गृहस्थांकडून ८० हजारांत घेतली. त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढचे काही महिने मी त्याच्याकडे लक्ष ठेवून होतो, आणि खोटं कशाला बोलू, त्याची अडचण झाली की मला जरा बरं वाटायचं. आधी नावबदलाची फी निघाली. मग कळलं, त्या गृहस्थांनी रिसॉर्टच्या देखभालीची वार्षिक फी दोन वर्षं भरलेलीच नव्हती. ती भरल्याशिवाय कंपनी नाव बदलेना. तीसपैकी अठरा वर्षंच उरली होती. मागच्या मालकाच्या साठलेल्या रात्री नव्या नावावर आल्या नाहीत. आणि आपली रात्र देऊन परदेशातल्या रिसॉर्टची रात्र घ्यायची, ती एक्स्चेंजची सोय जुन्या सभासदाबरोबरच संपली. सगळं धरून त्याला १ लाख ३० हजारांच्या घरात पडलं. मी सगळ्यांना सांगत सुटलो, "बघा, स्वस्ताचं महाग झालं."

झालं नव्हतं. त्याचे माझ्या निम्म्याहून कमीच गेले होते, आणि गोव्यात आम्ही दोघं एकाच रिसॉर्टमध्ये, एकाच मजल्यावर उतरलो होतो. हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही. आज इथे लिहितोय.

आपली, म्हणजे मुंबईच्या माणसाची, एक अडचण आहे. 'जुनं' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जुना फ्लॅट येतो. वीस वर्षं राहा, भिंतींना खिळे ठोका, आणि घेतल्याच्या दसपटीने विका. मेंबरशिप म्हणजे जागा नव्हे. सात-बारा नाही, शेअर सर्टिफिकेट नाही, आहे तो फक्त वापरायचा हक्क. ती लोकलच्या पासासारखी आहे. प्रवास करा नाहीतर घरी बसा, तारीख पुढे सरकतेच. अमेरिकेत तर कित्येक ठिकाणी वर्षातल्या आपल्या आठवड्याचं रीतसर खरेदीखत होतं, आणि तिथेही लोक ते एका डॉलरला विकायला काढतात. एका डॉलरला का? तर वार्षिक फीपासून सुटका व्हावी म्हणून.

खरी गोम त्या फीत आहे. आमची पहिल्या वर्षी साडेसात हजार होती. गेल्या वर्षी २१ हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण २४,७८०. भागिले सात. ज्या खोलीचे पैसे मी २०११ सालीच मोजलेत, तिची एक रात्र ३,५४० रुपयांना पडते. जेवण वेगळं. २०२० साली सगळं बंद होतं, रिसॉर्टच्या फाटकाला कुलूप होतं, तरी बिल आलं. आणि पूर्ण किंमत मोजून घेतलेल्याला येतं तेवढंच बिल ८० हजारांत घेतलेल्यालाही येतं. नवी की जुनी, हा फरक दारातून आत शिरण्यापुरता. आत आल्यावर दोघं एकाच रांगेत. हे मी दहा वेळा सांगतो, आणि ऐकणारा मान डोलावून पुन्हा विचारतो, "पण मग कुठली घेऊ?"

मध्येच एक सांगून टाकतो. २०२१ साली मला फोन आला. तुमच्या मेंबरशिपला गिऱ्हाईक तयार आहे, साडेतीन लाख देतोय, तुम्ही फक्त नोंदणीचे १० हजार अधिक जीएसटी भरा. मी ११,८०० भरले. मी, ज्याने तीस वर्षं काउंटरवर बसून लोकांना 'आधी पैसे मागणाऱ्याला पैसे देऊ नका' असं सांगितलं. त्याने जीएसटी बरोबर लावला होता, त्यामुळे विश्वास बसला. हे घरी सांगितलेलं नाही. आता कळेलच.

त्यानंतर मी स्वतःच जाहिरात टाकली, १ लाख २० हजारांची. २०२२च्या पावसाळ्यानंतर एका रविवारी डोंबिवलीहून एक जोडपं आलं. दोघं ऐरोलीला नोकरीला, कडेवर दीड-दोन वर्षांचा मुलगा. बायकोने पोहे केले होते. वर ओलं खोबरं, शेजारी लिंबाची फोड, हॉलमधल्या दिवाणावर नवी चादर. मी म्हटलं, हा काय बघायचा कार्यक्रम आहे का? ती म्हणाली, "एवढ्या लांबून येतायत. लहान मूल आहे."

मी अल्बम काढून ठेवला होता. महाबळेश्वर, कूर्ग, मुन्नार. फोटो चांगले आहेत, हे मानावं लागेल. मुन्नारच्या एका फोटोत चहाच्या मळ्यात आमची धाकटी डोक्यावर माझी टोपी घालून उभी आहे, ती टोपी तिच्या नाकापर्यंत आली आहे. डोंबिवलीच्या त्या मुलीने तो फोटो बराच वेळ पाहिला, आणि मी पाहिलं की ती पाहतेय. लगेच बोललो, "मुलं लहान असतानाच जाऊन घ्यावं हो. मग दहावी, बारावी, कोण येतंय आपल्याबरोबर?"

हे वाक्य माझं नव्हतं. अंधेरीच्या त्या टायवाल्याचं होतं, शब्दन् शब्द.

मला ते कळलं, तरी मी थांबलो नाही. आमचा लाल सीझन आहे, म्हणजे मे महिना, दिवाळी, नाताळ सगळं चालतं, हे सांगितलं. अजून एकोणीस वर्षं आहेत, हे सांगितलं. नव्याला आज किती पडतात याचा आकडा सांगितला आणि थोडा थांबलो, कारण तिथे थांबायचं असतं. मुलाने पाण्याचा पेला जमिनीवर सांडला, त्याची आई रुमालाने पुसायला लागली, मी म्हटलं राहू दे गं, आपलंच घर आहे. आणि वर, "संध्याकाळी ठाण्याहून अजून एक पार्टी येणार आहे." कुणीही येणार नव्हतं.

मुलगी हुशार होती. रुमाल पिळत तिने विचारलं, "काका, मे महिन्यात मिळतं का पण?"

"वेळेवर बुक केलं तर मिळतं," मी म्हणालो. यातही खोटं काही नाही, हे लक्षात घ्या.

बायको चहा घेऊन बाहेर आली होती. तिने ट्रे टीपॉयवर ठेवला, कप फिरवून त्यांचे कान त्या दोघांच्या बाजूला केले, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "अकरा वर्षांत मे महिन्यात एकदा मिळालं. तेही दोन रात्री. दिवाळीत कधीच नाही. जुलैत मात्र मिळतं, हवं तेव्हा. साखर बघ गं, कमी असेल तर."

नंतर पंधरा मिनिटं ती दोघं बसली, पण मेंबरशिपबद्दल कुणी बोललं नाही. डोंबिवलीच्या लोकलची गर्दी, मुलाचं पाळणाघर, ऐरोलीला जाताना ठाण्याला गाडी बदलावी लागते ते. पोहे त्यांनी सगळे संपवले. दारात चपला घालताना तो मुलगा म्हणाला, "विचार करून कळवतो, काका." असं म्हणणारं गिऱ्हाईक परत येत नाही, हे बँकेतल्या माणसाला सांगावं लागत नाही.

दार लावून मी वळलो आणि म्हणालो, "तुला गप्प बसता आलं नसतं?"

"तिने विचारलं होतं."

"मला विचारलं होतं."

"अहो, तुम्ही त्या टायवाल्यासारखे बोलत होता," ती म्हणाली, आणि बशा उचलून आत गेली. चार दिवस आम्ही कामापुरतं बोललो.

आता तुम्ही म्हणाल, वहिनी बरोबर. मीही बऱ्याचदा तेच म्हणतो. पण मग मला आठवतं की १ लाख २० हजार हा काही दरोडा नव्हता. घासाघीस झाली असती, एक लाखाच्या आत आलो असतो. थकबाकी एक रुपया नव्हती. नावबदलाबद्दल कंपनीचं लेखी पत्र मी आधीच मागवून ठेवलं होतं. जुनी घेणाऱ्याने पैसे देण्याआधी तेच मागावं, असं मी प्रत्येकाला सांगतो. म्हणजे जुन्यांत माझी बरी होती. ठाण्याच्या पार्टीची थाप सोडली, तर मी त्यांना काय वाईट देत होतो? २०११चा मी असतो आणि कुणी मला ही दिली असती, तर मी त्याचे पाय धरले असते. की नसते धरले? २०११ साली मला जुनी चालली असती का? पेढे जुन्या वस्तूचे वाटत नाहीत.

आठ-नऊ महिन्यांनी त्या मुलाचा मेसेज आला. "काका, घेतली एकदाची. नवीनच घेतली, कंपनीकडून. म्हटलं जुन्याची कटकट नको." किती पडले तेही कळवलं होतं, सहा लाखांच्या वर. सोबत एका मॉलमधला फोटो, तिघांचा, मागे फुगे.

मी तो बायकोला दाखवला. तिने चष्मा लावून पाहिला. "मुलगा मोठा झाला की," एवढंच म्हणाली.

सहा लाख. माझी एक लाखाला घेतली असती तर पाच वाचले असते, आणि मे महिन्यात खोली मिळाली नसती ती नसतीच. किंवा काकूचं ऐकून काहीच घेतलं नसतं, तर सहाच्या सहा. तिने खरं सांगितलं म्हणून ते माझ्याकडून निसटले आणि थेट कंपनीच्या टेबलावर जाऊन बसले, असं मी एकदा रागात म्हणालो. तिने विचारलं, "मग मी काय करायला हवं होतं?" मला उत्तर आलं नाही, आणि आजही येत नाही.

मेंबरशिप अजून माझ्याकडेच आहे. जाहिरात काढून टाकली. यंदाही जुलैत महाबळेश्वर मिळालं आहे. धुक्यात पाच फुटांवरचं दिसत नाही, चार दिवस भजी आणि रमी. मजा येते, हे मी हिशेबाच्या वहीत कुठे लिहू?

गेल्या दिवाळीत त्या मुलाचा पुन्हा मेसेज होता. शुभेच्छांच्या खाली एक ओळ: "काका, वार्षिक फी तुमचीही इतकी वाढते का हो?" मी बराच वेळ टाइप करत होतो, पुसत होतो. शेवटी आमच्या २४,७८०च्या बिलाचा फोटो काढून पाठवला. त्याने अंगठा पाठवला.